नारिंगी ताटवा आणि कोनाचा हिशेब

२०१९ च्या मार्चमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका संरक्षित फुलमाळावर चक्क हेलिकॉप्टर उतरलं. अँटेलोप व्हॅली कॅलिफोर्निया पॉपी रिझर्व्ह असं त्या जागेचं लांबलचक नाव. बाकीची मंडळी आखलेल्या पायवाटांवरून चालत असताना एक जोडपं थेट आकाशातून फुलांच्या मधोमध उतरलं आणि माळ तुडवत फिरू लागलं. रक्षक आपल्या दिशेने येताहेत असं दिसल्यावर दोघं धावत परत गेली आणि उडून गेली. त्यावर पुष्कळ हसून झालं, संतापूनही झालं. मला मात्र राहून राहून वाटतं, एवढा खटाटोप करून त्यांना तिथे दिसलं काय असेल? पॉपीच्या माळात मधोमध उभं राहिलं की पायाशी दिसते ती माती, थोडं गवत आणि मधे मधे जागा सोडून उगवलेली एकेक रोपं. सलग गालिचा कायम पुढच्या उतारावर असतो. तिथे पोहोचलात की तो आणखी पुढे सरकतो.

यात गूढ काही नाही. फोटोत दिसणारा तो अखंड नारिंगी रंग फुलांच्या संख्येमुळे जितका, तितकाच बघण्याच्या कोनामुळे तयार होतो. हे नीट समजलं की पायवाट सोडायची गरजच उरत नाही. उलट पायवाटेवरूनच फोटो जास्त चांगले येतात. पण कोनाकडे वळण्याआधी ही फुलं येतात कशी आणि उघडतात कधी, ते पाहायला हवं. कारण पॉपीचं वेळापत्रक कॅमेरेवाल्यांच्या सोयीचं अजिबात नाही.

लॉस एंजेलिसहून उत्तरेला गाडीने दीड-दोन तासांवर, मोहावी वाळवंटाच्या पश्चिम टोकाला लँकेस्टर हे शहर आहे. त्याच्याही पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून अडीच-तीन हजार फुटांवर, बुटक्या टेकड्यांचा हा सतराशेहून जास्त एकरांचा प्रदेश १९७६ साली राखीव झाला. त्यामागे स्थानिक लोकांची बरीच वर्षांची धडपड होती आणि त्यात जेन पिन्हेरो या चित्रकार बाई पुढे होत्या. त्या वाळवंटातल्या रानफुलांची जलरंगातली चित्रं काढत. आज तिथल्या माहिती केंद्राला त्यांचंच नाव आहे. टेकडीच्या कुशीत, अर्धवट मातीखाली बांधलेल्या त्या इमारतीत त्यांची चित्रं लावलेली आहेत. तिथून निघणाऱ्या पायवाटांची एकूण लांबी साधारण आठ मैल. त्यातला थोडा भाग फरसबंद आहे, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरूनही फुलांपर्यंत जाता येतं.

'पॉपी' म्हटलं की आपल्याला अफू आठवते, आणि ते चूक नाही. कूळ एकच. आपल्याकडे माळरानावर आणि रस्त्याच्या कडेला उगवणारा काटेरी पिवळा धोतराही याच कुळातला, आणि तोही मूळचा अमेरिका खंडातलाच. कॅलिफोर्नियाची पॉपी मात्र अफू देत नाही. चार पाकळ्या, झालरीसारखी कातरलेली राखट हिरवी पानं, आणि कळीवर एक टोकदार टोपी. कळी उमलताना ही टोपी वर सरकून गळून पडते. फुलात मध नसतो. मधमाश्या आणि भुंगेरे येतात ते परागासाठी. १८१६ मध्ये 'रुरिक' या रशियन जहाजावरचा निसर्ग-अभ्यासक आणि कवी आडेलबेर्ट फॉन शामिसो याने सान फ्रान्सिस्कोच्या आखाताजवळ हे रोप गोळा केलं आणि १८२० मध्ये त्याला जहाजावरचा आपला डॉक्टर मित्र एश्शोल्ट्स याचं नाव दिलं. एश्शोल्झिया कॅलिफोर्निका. शास्त्रीय नाव जिभेवर रुळत नाही याचा दोष त्या डॉक्टरच्या आडनावाचा. १९०३ साली हे कॅलिफोर्नियाचं राज्यफूल झालं.

आता पावसाकडे. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा पावसाळा. उन्हाळा ठणठणीत कोरडा. पॅसिफिकवरून येणारी वादळं सान गॅब्रिएल आणि टेहाचापी या डोंगररांगांना अडून रिकामी होतात, आणि पलीकडच्या लँकेस्टरच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम सात-आठ इंच येतात. तेही सरासरीने. एखाद्या वर्षी त्याच्या निम्मे, एखाद्या वर्षी दुप्पट. २०२२ चा डिसेंबर संपता संपता बाष्पाचे लांबच लांब पट्टे समुद्रावरून एकामागोमाग एक कॅलिफोर्नियावर धडकले. हवामानशास्त्रज्ञ त्यांना वातावरणातल्या नद्या म्हणतात. तीन आठवड्यांत अशा नऊ नद्या आल्या. पूर आले, दरडी कोसळल्या, माणसं दगावली. त्यानंतरच्या वसंतात, एप्रिल २०२३ मध्ये, अँटेलोप व्हॅलीच्या याच खोऱ्यातले नारिंगी पट्टे उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत दिसत होते.

यावरून भरपूर पाऊस म्हणजे भरपूर फुलं असा सरळ हिशेब मांडावासा वाटतो. तो इथे लागू पडत नाही, आणि मला या विषयात सगळ्यात रस वाटतो तो इथेच.

वाळवंटातल्या वर्षायू रोपांचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. थोडंसं ओलं झालं म्हणून ते फसत नाही. फ्रिट्स वेन्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी मातीवर प्रयोग केले. माती खालून भिजवली तर बी उगवत नव्हतं. तीच माती वरून, पावसासारखी भिजवली की उगवत होतं. ओलावा दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की वरून पडणारं पाणी बियांमधली आणि भोवतालची अंकुर रोखणारी द्रव्यं धुऊन खाली नेतं. म्हणजे बी नुसता ओलावा ओळखत नाही, पावसाचा जोर मोजतं. शिंतोड्यांनी ती द्रव्यं जात नाहीत. चांगला इंचभर पाऊस लागला तर जातात.

आणि तो लागला तरी सगळं बी एकदम उगवत नाही. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून कोठीतलं सगळं बियाणं रानात टाकणाऱ्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते, आणि दुबार पेरायला कोठीत काही उरलेलं नसतं. वाळवंटातली रोपं ही चूक करत नाहीत. डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये गणिताने दाखवून दिलं, की पावसाचा भरवसा नसेल तिथे दर वर्षी बियांचा काही हिस्साच उगवू देणं दीर्घकाळात फायद्याचं ठरतं. ॲरिझोनातल्या टूसॉनजवळ लॉरेन्स वेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ पासून ठरावीक चौकोनांतली रोपं वर्षानुवर्षं मोजली आणि ते गणित प्रत्यक्षात उतरलेलं दिसलं. ज्या जातीचं यश वर्षावर्षाला जास्त हेलकावतं, ती जात आपलं बी जास्त राखून ठेवते.

यात तिसरा गडी आहे गवत. स्पॅनिश वसाहती आणि त्यांच्या गुराढोरांबरोबर भूमध्य समुद्राकाठची गवतं आणि तणं कॅलिफोर्नियात आली आणि पसरली. त्यांचं बी धीर धरत नाही. पाऊस पडला की बहुतेक सगळं उगवतं आणि मातीत शिल्लक फारसं राहत नाही. ओळीने ओली वर्षं आली तर ही गवतं पॉपीच्या डोक्यावरून वाढतात, ऊन अडवतात, ओल पिऊन टाकतात. ओळीने कोरडी वर्षं आली तर तीच गवतं आधी मरतात. म्हणून दुष्काळानंतरचा पावसाळी हिवाळा फुलांना सगळ्यात मानवतो. २०१२ ते २०१६ ही कॅलिफोर्नियातल्या भीषण दुष्काळाची वर्षं, आणि २०१७ चा वसंत फुलांनी गाजला. यात आणखी अटी आहेत. पहिला दमदार पाऊस शरदातच हवा, नंतरच्या सरी अंतराअंतराने हव्यात, फेब्रुवारीत एकदम ऊन तापायला नको. एवढं सगळं जुळलं की लोक 'सुपरब्लूम' म्हणतात. या शब्दाला शास्त्रीय व्याख्या नाही. तो बातम्यांचा शब्द आहे आणि मला तो थोडा कर्कश वाटतो. रिझर्व्हमध्ये कोणी पाणी घालत नाही, बी पेरत नाही. बहर यायचा तेव्हा येतो, नाहीतर येत नाही.

आला, तर साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी. थंडी लांबली की एप्रिलवर जातो.

आता कॅमेरा.

निसर्गाचे फोटो काढायला शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो सोनेरी उजेडाचा: सूर्योदयानंतरचा तास, सूर्यास्ताआधीचा तास, बाकी वेळ झोपा काढा. दुसरा धडा, फुलांसाठी ढगाळ दिवस उत्तम, कारण उजेड मऊ असतो. पॉपीपुढे दोन्ही धडे निकामी. हे फूल रात्री मिटतं, थंडीत मिटतं, ढगाळ हवेत मिटतं. चारही पाकळ्या एकमेकींभोवती गुंडाळून घेतं आणि टेकडीचा रंग विझतो. पहाटे चारला उठून सोनेरी उजेडात पोहोचलेला उत्साही माणूस मिटलेल्या फुलांचा हिरवट माळ पाहतो. फुलं नीट उघडतात सकाळी नऊ-दहानंतर, ऊन अंगाला लागायला लागलं की.

त्यानंतर वारा. अँटेलोप व्हॅली वाऱ्याची आहे. दुपारी तो इतका वाढतो की कॅमेरा ट्रायपॉडवरही थरथरतो. लांब देठावरची पॉपी तर नाचतच असते. तेव्हा हाताशी उरतो तो फुलं उघडल्यापासून वारा उठेपर्यंतचा वेळ, म्हणजे सकाळी दहा ते बारा-एक. सूर्य डोक्यावर चढत असतो, सावल्या कडक असतात, पुस्तकाप्रमाणे फोटोला अगदी वाईट वेळ. तीच वापरायची.

तिचा उपयोग होतो तो सूर्य समोर घेऊन. सूर्य पाठीशी ठेवला तर पाकळीचा पृष्ठभाग चकाकतो आणि रंग फिका पडतो. पॉपीच्या पाकळीला रेशमासारखी झळाळी असते, त्याचं कारण तिच्या वरच्या थरातल्या पेशींच्या आकारात आहे. त्या लांबट आणि कंगोरेदार, लोलकासारख्या असतात. उजेड वळवून आतल्या रंगद्रव्याकडे नेतात. सूर्य पाकळीच्या मागे असला की उजेड पातळ पाकळीतून गाळून येतो आणि नारिंगी रंग आतून पेटतो. सूर्य थेट लेन्सवर पडू नये म्हणून हाताचा आडोसा करावा किंवा टोपी धरावी. लेन्सचा हूड दर वेळी पुरत नाही. पोलरायझर फिल्टरने चकाकी कमी होते आणि रंग गडद होतो. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला असेल तेव्हा त्याचा परिणाम सगळ्यात जास्त. पण तो पुरता फिरवला तर पाकळीची ती रेशमी झाकच नाहीशी होते आणि फूल कागदाचं वाटायला लागतं. मी अर्ध्यावर थांबण्याच्या बाजूचा.

घरी येऊन फोटो उघडल्यावर हमखास होणारी निराशा वेगळीच असते. फुलं नारिंगी नसून पिवळट, सपाट, पाकळीच्या रेषाच गायब. इथे दोष डोळ्याचा नसतो, एक्स्पोजरचा असतो. कॅमेऱ्यातला सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असा वेगळा उजेड मोजतो. पॉपीकडून लाल भरमसाट येतो, हिरवा मध्यम, निळा जवळजवळ नाहीच. कॅमेऱ्याचा अंदाज मात्र एकूण उजेडावर चालतो. एकूण उजेड बरोबर वाटत असताना लाल मापाबाहेर गेलेला असतो. मग तो तिथेच अडकतो, हिरवा वाढत राहतो, आणि नारिंगी पिवळ्याकडे झुकतो. उपाय सोपा आहे. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, तिन्ही रंगांच्या वेगळ्या रेषा दिसतील अशी सोय करायची, लाल रेषा उजव्या भिंतीला आदळत असेल तर एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने कमी करायचं आणि फोटो रॉ स्वरूपात काढायचा. मोबाइल असेल तर फुलावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर अडकवायचं आणि चित्र जरा काळसर वाटेपर्यंत पट्टी खाली ओढायची. मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड फुलांवर वापरू नये. तो पाकळीची कड आणि पार्श्वभूमी यांत गल्लत करतो आणि अर्ध्या पाकळ्या धुरकट करून टाकतो.

वाऱ्याला उत्तर वेगाचं. सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी, त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल. फोटोत दाणे आले तर सुसह्य असतात, हललेलं फूल सुधारत नाही. एका फुलाचे अनेक फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून संगणकावर जोडायचे, हा मॅक्रोवाल्यांचा लाडका प्रकार इथे सहसा जमत नाही. दोन फोटोंमध्ये फूल जागचं हललेलं असतं.

आता कोनाचा हिशेब, ज्यासाठी हा सगळा प्रपंच.

पॉपीची उंची साधारण २५ सेंटिमीटर धरू. आपला डोळा, किंवा डोळ्याला लावलेला कॅमेरा, जमिनीपासून दीड मीटरवर. पायाखालच्या फुलांकडे खाली बघितलं तर एक फूल स्वतःच्या आकाराएवढीच माती झाकतं, बाकीची उघडी दिसते. आता ३० मीटर दूरच्या फुलाकडे बघा. नजरेची रेषा त्याच्या शेंड्याला स्पर्शून पुढे जाते आणि जमिनीला टेकते ती आणखी सहा मीटर पलीकडे. म्हणजे त्या एका फुलाने स्वतःच्या मागची सहा मीटर जमीन झाकली. त्या सहा मीटरांत आणखी चार-सहा रोपं असली की त्यांचे शेंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात आणि माती दिसायला जागाच राहत नाही. आता गुडघे टेकून कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणा. तेच फूल, तेच अंतर, पण झाकलेली जमीन आता ३० मीटर. रोपं होती तेवढीच आहेत. गालिचा पाचपट दाट झाला.

उताराने हे गणित बदलतं. समोरचा उतार आपल्याकडे झुकलेला असेल तर मधली माती उघडी पडते, पण रंगाचा पट्टा उंच आणि रुंद दिसतो. सपाट जमिनीवर पट्टा पातळ, पण घट्ट. म्हणून या टेकड्यांवर पायवाटेने चालताना बहर दर वळणावर निराळा वाटतो.

टेलिफोटो लेन्स गर्दी करते, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर लेन्स काहीच करत नाही. लांबच्या वस्तू एकमेकींच्या जवळ दिसतात त्या आपण लांब उभे असल्यामुळे. टेलिफोटो त्यातला छोटा तुकडा कापून मोठा करून देते. परिणाम तोच, पण यातून एक गोष्ट निघते. दाट गालिच्याचा फोटो हवा असेल तर फुलांपासून लांब उभं राहायला हवं, कॅमेरा खाली हवा आणि लेन्स २०० मिलिमीटर किंवा जास्त. फुलांच्या आत शिरलेल्या माणसाला हा फोटो मिळूच शकत नाही. तो मिळतो पायवाटेवर गुडघे टेकलेल्या माणसाला.

आणि माणसांचे फोटो? फुलांत बसलेली, पांढऱ्या झग्यातली मुलगी हा या विषयातला सगळ्यात लोकप्रिय नमुना. त्यासाठीही आत शिरायची गरज नाही. पायवाट वळणं घेत जाते. एका वळणावर माणूस उभा करा, आधीच्या वळणावर कॅमेरा खाली धरा, मधे फुलं येऊ द्या. पायवाट असते मीटर-दीड मीटर रुंद, आणि वरच्या हिशेबाने फुलांच्या आड त्याहून कितीतरी जास्त जमीन लपते. वाट दिसेनाशी होते, माणूस फुलांतच उभा दिसतो. दोन मैत्रिणींनी मिळून दहा मिनिटांत होणारं काम आहे. यातल्या फसवणुकीबद्दल कुणाला खंत वाटली तर आत बसून काढलेला फोटोही तितकाच फसवा असतो, एवढंच सांगेन; तिथे बसायला जी रोपं आडवी केली ती फ्रेमबाहेर असतात.

पायाचं नुकसान केवळ त्या वर्षापुरतं नसतं. वाळवंटी माती दाबली गेली की तिच्यातली पोकळी मिटते, पाणी आत मुरायच्या ऐवजी वाहून जातं, आणि पुढच्या हिवाळ्यात तिथे बी रुजत नाही. कुणीतरी एकदा तुडवलेली वाट पुढच्या बहरात नारिंगी माळावर मातकट रेघ म्हणून उमटते, आणि ती रेघ बघून पुढचा माणूस तिलाच पायवाट समजतो. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला लेक एल्सिनोर नावाचं छोटं शहर आहे, त्याच्या शेजारच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ साली हेच प्रचंड प्रमाणात झालं. समाजमाध्यमांवरचे फोटो पाहून इतकी गर्दी लोटली की महामार्ग तुंबला आणि मार्चच्या मध्याला शहराला तिथे जायची वाट बंद करावी लागली. २०२३ मध्ये बहर येणार असं दिसताच त्यांनी फेब्रुवारीतच वॉकर कॅन्यन बंद करून टाकला. फोटोने गर्दी आणली आणि गर्दीने फोटोची जागाच बंद पाडली.

रिझर्व्हमध्ये ड्रोनला बंदी आहे, कुत्र्यांना बंदी आहे, फूल तोडायलाही. पॉपी हे राज्यफूल आहे म्हणून ते तोडणं गुन्हा, असं कॅलिफोर्नियात पुष्कळांना वाटतं. खरं तर सार्वजनिक जागेतून कुठलीच वनस्पती परवानगीवाचून तोडता येत नाही, त्यात पॉपीला वेगळा मान नाही. वाट न सोडण्याचं आणखी एक कारण म्हणजे मोहावीतले खुळखुळे साप. त्यांनाही वसंतातलं ऊन आवडतं.

चित्रकारांना हे कोन-बिन सांभाळावे लागत नव्हते. ग्रॅनव्हिल रेडमंड या कर्णबधिर चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या पॉपीची आणि निळ्या ल्युपिनची असंख्य निसर्गचित्रं रंगवली. चार्ली चॅप्लिन त्याचा मित्र. त्याने रेडमंडला आपल्या स्टुडिओच्या आवारात चित्रं काढायला जागा दिली आणि १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मध्ये शिल्पकाराची छोटी भूमिकाही. रेडमंडच्या चित्रांकडे जरूर बघावं. त्याने नारिंगी रंग एकटा सहसा फार पसरू दिला नाही. शेजारी ल्युपिनचा जांभळट निळा ठेवला. कॅमेऱ्यानेही तेच करावं. नुसत्या पॉपीने भरलेली चौकट दुसऱ्या मिनिटाला कंटाळवाणी होते. त्याच माळावर गोल्डफील्ड्सची बारीक पिवळी फुलं चटईसारखी पसरलेली असतात, आउल्स क्लोव्हरचे गुलाबी-जांभळे तुरे असतात, क्रीम कप्सची फिकट फुलं असतात, आणि विंचवाच्या नांगीसारख्या वळलेल्या शेंड्याची फिडलनेक असते. ही सगळी पायवाटेच्या कडेलाही सापडतात. जवळून काढायचे फोटो इथेच काढावेत.

हे वाचताना साताऱ्याच्या कास पठाराची आठवण झाली नसेल असा मराठी वाचक विरळा. तुलना होऊ शकते, पण काही अंतरापर्यंतच. कासचा पाऊस दर वर्षी येतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं येणार हे जवळजवळ ठरलेलं. त्याच जिल्ह्यातल्या माणच्या माळांना असा भरवसा नाही, आणि पॉपीचा माळ पावसाच्या बाबतीत माणच्या जास्त जवळचा आहे. कासच्या गेंद, तेरडा, सीतेची आसवं यांचा उजेडही उलटा: ढग, धुकं, झिमझिम. तिथे सूर्य समोर घ्यायचा सल्ला देऊन उपयोग नाही, सूर्य मिळाला तर ना. पण मातीवर पाय पडला की काय होतं, ते दोन्हीकडे सारखंच. कोनाचं गणितही सारखंच, फक्त सीतेची आसवं पॉपीहून कितीतरी बुटकी असल्यामुळे कॅमेरा आणखी खाली, जवळजवळ जमिनीला टेकवावा लागतो. कासला शुल्क आणि आगाऊ नोंदणी आली तेव्हा बरीच कुरकुर झाली होती; मला ती व्यवस्था योग्य वाटते.

मेमध्ये पॉपीच्या लांबट शेंगा वाळतात आणि ऊन तापलं की टचकन फुटतात. दोन्ही फाका बुडापासून सुटून वळतात आणि बी काही फूट लांब उडतं. त्या सुमाराला फोटो काढणारे सगळे निघून गेलेले असतात, आणि माझ्या मते ते चुकतं. सुकलेला सोनेरी माळ, फुटक्या शेंगा, तळाशी फुलाची राहिलेली रुंद गुलाबी कडा, हे सगळं फोटोत क्वचित दिसतं.

बहर नेमका कधी, हे कळायला दोन चांगल्या सोयी आहेत. रिझर्व्हने माळावर एक कॅमेरा बसवलेला आहे. त्याचं थेट चित्र घरबसल्या बघता येतं, आणि टेकडी हिरवी आहे की नारिंगी ते लगेच कळतं. दुसरी सोय जुन्या पद्धतीची. थिओडोर पेन फाउंडेशन ही संस्था १९८३ पासून वसंतात रानफुलांची एक दूरध्वनी सेवा चालवते. फोन लावला की कुठल्या माळावर, कुठल्या घाटात काय फुललंय ते ध्वनिमुद्रित आवाजात ऐकू येतं. जो स्पॅनो हा अभिनेता अनेक वर्षं ते वाचून दाखवतो आहे. नवी माहिती दर शुक्रवारी येते. ती ऐकून शनिवारी निघायचं असेल तर वाहनतळ दहाच्या आत गाठावा. तेव्हा फुलं उघडत असतात आणि वारा अजून उठलेला नसतो.